ठकूचं गाठोडं

“काय काम करतेस?” असं कुणी विचारलं की ठकू सांगायची, “गाठोडी बांधते.” समोरचा माणूस गोंधळला की तिला मनापासून मजा वाटायची. कामावर सगळे तिला बाई म्हणत. ठकू हे घरातलं नाव, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला न शोभणारं, पण आई आणि दादा या दोघांनी ते कधी सोडलं नव्हतं.

ती विद्यापीठाच्या संगणक केंद्रात होती. तळमजल्यावरची लांबट खोली, एका भिंतीला थंड हवेचं घरघरणारं यंत्र आणि त्यामुळे भर उन्हाळ्यातही खुर्चीच्या पाठीवर टाकलेली शाल. शास्त्रज्ञ मंडळी प्रोग्रॅम लिहितात, तो आपल्या मशीनवर चालला की हात झटकून मोकळी होतात. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या गावात, दुसऱ्याच मशीनवर बिनबोभाट चालायला हवा असेल, तर कुणालातरी तो नीट बांधून द्यावा लागतो. त्याला आधी काय लागतं, कुठली फाइल कुठे ठेवायची, कुणाच्या पायात कुणाचा पाय अडकतो, हे सगळं बघून. हेच ते गाठोडं. ठकूसारखी निरनिराळ्या शहरांतली माणसं अशी गाठोडी बांधून एका सामायिक कोठारात ठेवत आणि वर्षातून एकदा कोठाराची नवी आवृत्ती निघे. या सगळ्यांच्या डोक्यावर एक गृहस्थ होते. त्यांना सगळे कारभारी म्हणत. ठकूने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचे दोन-दोन ओळींचे निरोप वाचून तिने ठरवून टाकलं होतं की या माणसाला लहानपणी कुणी लाडाने हाक मारलेली नसणार.

तिच्या गाठोड्यांपैकी एक होतं ‘झरा’. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठली विहीर उपसली की कुठली आटते, याचं गणित करणारा प्रोग्रॅम. तो दादाने लिहिलेला. त्यांचे वडील बोअर मारायच्या गाडीवर होते. सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलांना गाडीत बसवून न्यायचे आणि पाणी लागलं की ओल्या मातीचा पहिला गोळा त्यांच्या हातावर ठेवायचे. दादाला त्या गोळ्याने कायमचं वेड लावलं. तो त्याच पाण्याचा अभ्यास करत प्राध्यापक झाला, दुसऱ्या शहरात प्रयोगशाळा थाटून बसला. ठकू संगणकाकडे वळली. ‘झरा’ लिहायचा त्याने आणि बांधायचा हिने, असं कितीतरी वर्षं चाललं होतं.

आणि गेलं वर्षभर दोघांचा अबोला होता.

झालं असं की वडील गेल्यावर आई ठकूकडे राहू लागली. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, बाकी आई ठणठणीत. एक दिवस दादा गाडी घेऊन दारात उभा. “आईला न्यायला आलोय. खोली तयार आहे. पलंगाला कठडे लावलेत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, खिडकीत कुंड्यासुद्धा ठेवल्यात.”

“कुणाला विचारून?” ठकू म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? तुझे हाल बघवत नाहीत.”

“आई म्हणजे काय सामान आहे का, तू तयार ठेवलेल्या खोलीत नेऊन टाकायला? ती कुठेही जाणार नाही.”

शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी दादाच्या तोंडून निघून गेलं, “तुला आई हवी आहे असं नाही, ठकू. तुला एकटं राहायची भीती वाटते.” ते थोडंसं खरं होतं, म्हणूनच फार लागलं. ठकूने दार उघडून धरलं. दादा गेला. आतल्या खोलीत आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिला मात्र या भांडणात कुणी एक शब्द बोलू दिला नव्हता.

त्यानंतर फोन बंद, येणंजाणं बंद. पण ‘झरा’ची देखभाल कशी बंद करणार? कोठारात प्रत्येक गाठोड्याखाली तक्रारी लिहायची जागा असते. तिथे काही अडलं तर लिहायलाच लागायचं. ज्या दादाने तिला सायकल शिकवताना पाठीत धपाटे घातले होते, त्याला ठकू लिहू लागली, “माननीय लेखक महोदय, आपल्या नव्या आवृत्तीत एक सूचना जुनी राहिली आहे, कृपया लक्ष घालावे.” तिकडून उत्तर यायचं, “आदरणीय बाई, दुरुस्ती केली आहे. आपल्या तत्परतेबद्दल आभारी आहे.” कधी तक्रार आठवडाभर आली नाही, तर ठकू उगाचच एखादी शोधून काढायची. एकदा तर तिने एका स्वल्पविरामाबद्दल लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर, “स्वल्पविरामाबद्दल दिलगीर आहे.” ते वाचून ती शालीत तोंड खुपसून हसली आणि मग तिला काही सुचेना.

दोघांमध्ये एवढाच काय तो धागा उरला होता, आणि त्या वसंतात तोही तुटायची वेळ आली.

माशी शिंकली ती कंपायलरवरून. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात जो बदलतो, तो कंपायलर. ‘झरा’ फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला. त्यात असं आहे की प्रोग्रॅमचा एकेक भाग बदलून झाला की कंपायलर स्वतःसाठी एक छोटी खूणफाइल मागे ठेवतो: या भागात अमुक गोष्टी आहेत, त्यांना अशी अशी हाक मारायची. पुढचे भाग तयार करताना तो तीच फाइल उघडून बघतो. घोटाळा इतकाच की प्रत्येक कंपायलरचं अक्षर वेगळं. एकाची खूणफाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. एवढंच काय, त्याच कंपायलरची नवी आवृत्ती आली की तिला आपलीच जुनी फाइल परकी वाटू शकते. म्हणून शहाणा माणूस या फाइल्स कुणाला देत नाही. मूळ लिखाण देतो आणि म्हणतो, बाबा, तुझ्या कंपायलरने तुझ्यापुरत्या तयार कर.

दादा मात्र ‘झरा’सोबत सगळ्यात मोठ्या भागांच्या खूणफाइल्स तयार करूनच पाठवायचा. ठकूला ते पहिल्यापासून खटकत होतं. पण तिच्याकडच्या कंपायलरला त्या वाचता यायच्या, काम अडत नव्हतं, म्हणून तिने चालवून घेतलं. फाइल तयारच आहे म्हटल्यावर यंत्र ती पुन्हा बनवायच्या फंदात पडत नसे. आता कोठारात कंपायलरची नवी आवृत्ती आली, तिने खूणफाइलचं अक्षरच बदललं आणि ‘झरा’ दारातच अडखळून पडला. दुसरीकडे, विकत घ्यायचा एक कंपायलर वापरणारे लोकही ओरडत होते: आम्हाला तर या फाइल्स मुळीच उघडत नाहीत.

ठकूने तक्रार लिहिली. दादाचं उत्तर आलं, “माझ्याकडे चालतं.”

या दोन शब्दांवर जगातल्या प्रत्येक गाठोडेवाल्याचं डोकं फिरतं. ठकूचंही फिरलं. “मग आपलं मशीनच पाठवून द्यावे, ते कोठारात ठेवू,” असं तिने लिहिलं आणि पाठवूनही दिलं. पुढे चार दिवस काहीच नाही.

मग कारभाऱ्यांचा निरोप आला. “‘झरा’ मोडलेला आहे. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती, लेखकाची संमती आणि दुसऱ्या कंपायलरवरची चाचणी न आल्यास नव्या आवृत्तीतून वगळण्यात येईल.”

दुरुस्ती ठकूने दोन दिवसांत केली. तयार फाइल्स काढून टाकल्या. मूळ लिखाण एकच ठेवलं आणि खूणफाइल्ससाठी प्रत्येक कंपायलरला वेगळी खोली दिली. खोलीच्या दारावर कंपायलरचं नाव आणि आवृत्ती, म्हणजे कुणी चुकून दुसऱ्याच्या खोलीत शिरायला नको. तिच्याकडे ते झकास चाललं. पण तो विकतचा कंपायलर तिच्याकडे नव्हता. तो होता दादाच्या प्रयोगशाळेत, परवान्याने एकाच मशीनला जखडलेला. घोडं अडलं ते तिथे. तिने दादाला दुरुस्ती पाठवली आणि माननीय-महोदय सगळं लिहून चाचणीची विनंती केली.

बुधवारी उत्तर आलं. “‘झरा’ वगळल्यास माझी हरकत नाही.”

ठकूने ते तीनदा वाचलं. मग संगणक तसाच सोडून घरी आली.

आई खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती. लेकीचं तोंड बघून तिने सूप बाजूला सारलं. “काय म्हणतो तो?”

“कोण?”

“तुझा माननीय महोदय. मला काय दिसत नाही होय? त्याचं पत्र आलं की तू दोन घास जास्त जेवतेस.”

ठकूने सांगितलं. जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. खूणफाइल, दोन कंपायलर, तयार करून पाठवलेली वस्तू दुसऱ्या घरी चालत नाही ते. आईने नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्यासारखंच झालं की. एकाच्या घरात तयार केलेली खोली—”

“आई, फाइल वेगळी आणि तू वेगळी.”

“बरं बाई, वेगळी.” आईने एक शेंग फोडली. “मग आता तो म्हणतो काढून टाक, आणि तू काढून टाकणार?”

“त्यालाच नको असेल तर मी काय करू? संपलं. यापुढे लिहायलाही काही कारण नाही.” हे बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि मग तिला लपवताही आलं नाही.

आईने हातातली टरफलं झटकली. “शेजारच्या काकू दोन दिवस माझ्याकडे झोपायला येतील. मी विचारलंय त्यांना. तू उद्या सकाळची गाडी पकड.”

“तू कधी विचारलंस?”

“परवाच. मला वाटलंच होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.”

दादाची प्रयोगशाळा जुन्या इमारतीच्या टोकाला होती. जिन्यात मातीच्या नमुन्यांनी भरलेल्या नळ्या रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. दादा पाठमोरा बसला होता. केस पांढरे झाले होते. वर्षात इतके पांढरे होतात का, की आपण आधी नीट पाहिलंच नव्हतं, असं ठकूच्या मनात आलं. तिने दारावर टकटक केली.

दादाने वळून पाहिलं आणि चष्मा काढला. मग पुन्हा घातला. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे. शेंगा सोलतेय.”

“मग तू कशी काय?”

“तक्रार घेऊन आलेय. लेखक महोदय लेखी तक्रारीला दाद देत नाहीत.”

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. एक खुर्ची रिकामी करून पुढे ढकलली. ठकू बसली नाही. “हरकत नाही असं का लिहिलंस?”

“नाहीये हरकत. तुझ्यामागे नोकरी, आईचं सगळं करायचं, त्यात माझं हे लचांड. चार दिवस विचार केला. म्हटलं, एक ओझं तरी कमी होऊ दे तुझं.”

ठकू बघतच राहिली. बसमध्ये सगळा वेळ तिने मनात भांडण रचलं होतं, धागा तोडणाऱ्या माणसाशी. इथे तर निराळाच माणूस बसला होता. पण राग गेला नाही. त्याने फक्त जागा बदलली.

“परत तेच, दादा. ओझं आहे की नाही हे मला विचारलंस?”

दादा चष्म्याच्या काचा पुसू लागला.

“खोली तयार. फाइल तयार. माझी सुटकासुद्धा तयार करून ठेवलीस. लहानपणी माझ्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचास, तेव्हा बरं वाटायचं. आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे रे. त्या फाइल्स कशाला पाठवायचास तू? किती वर्षं मला वाटायचं, याला माझ्यावर भरवसा नाही. मी देतो ते मुकाट घे, असं.”

दादा उठला. कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक जुनाट मशीन होतं, त्यावर धुळीसाठी जुना टॉवेल अंथरलेला. त्याने टॉवेल उचलला. “हे ओळखतेस?”

“मी नोकरीला लागले तेव्हा मला असलंच मशीन दिलं होतं.”

“असलंच नाही, त्याच बनावटीचं मुद्दाम शोधून आणलं. तू पहिल्यांदा ‘झरा’ बांधायला घेतलास, आठवतं? तुझं मशीन इतकं हळू होतं की मोठे भाग तयार व्हायला सकाळची संध्याकाळ व्हायची. मध्येच बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. तू फोनवर रडली होतीस, साहेबांनी बोल लावला म्हणून. तेव्हा मी म्हटलं, तुझ्याकडे आहे तोच कंपायलर इथे घालतो, मोठे भाग इथेच तयार करून पाठवतो, म्हणजे तुझं काम हलकं होईल. तेव्हापासून दर आवृत्तीला इथे बनवतो. याला मी नवं काही घालत नाही. उगाच तुझ्याकडे अडायला नको.”

“दादा, ते मशीन बदलून मला किती वर्षं झाली.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस.”

“तू तरी कुठे म्हणालीस, की नको पाठवूस फाइल्स?”

 ती खुर्चीत बसली. बोटाने त्या मशीनवरची धूळ पुसली. एका माणसाने एक अख्खं यंत्र वर्षानुवर्षं जुनं ठेवलं होतं, तिला पुन्हा रडू येऊ नये म्हणून, आणि त्यानेच आज सगळा खोळंबा केला होता. तिला हसावं की काय करावं कळेना. शेवटी ती म्हणाली, “चाचणी घेऊ या?”

दोघं शेजारी शेजारी बसले. तिने दुरुस्ती घातली, दादाने विकतच्या कंपायलरने काम सुरू केलं. ओळी सरकू लागल्या. अर्ध्यावर यंत्र थांबलं: ही खूणफाइल माझी नाही.

“बघ,” दादा म्हणाला. स्वरात किंचित समाधान होतं.

“थांब जरा, लगेच हुरळू नकोस.” ठकूने शोधलं. दादाच्या मशीनवर सगळ्यांसाठी एक सामायिक कप्पा होता, त्यात कधीतरी जुन्या मशीनवरून आणून टाकलेली खूणफाइल पडून होती. तिने नव्या खोल्या बांधल्या होत्या खऱ्या, पण कुठे आधी शोधायचं याच्या क्रमात स्वतःची खोली सगळ्यात शेवटी लिहिली होती. म्हणून कंपायलर आधी जुन्या कप्प्यात डोकावत होता. तिच्या मशीनवर असा कप्पाच नव्हता, त्यामुळे चूक लपून राहिली.

“म्हणजे ही चूक कुणाची?” दादाने अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं.

“माझी.” आणि मग ती म्हणाली, “माझ्याकडे चालत होतं.”

यावर मात्र दादा मोठ्याने हसला. वडील हसायचे तसा, खांदे हलवत. बाजूच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

तिने क्रम बदलला. पुन्हा सुरू केलं. या वेळी यंत्र शेवटपर्यंत गेलं आणि ‘झरा’ने चाचणीसाठी दिलेली विहीर बरोबर आटवून दाखवली. दादाने संमती लिहिली. जुन्या तयार फाइल्स त्याने मूळ लिखाणाच्या साठ्यातून स्वतःच्या हाताने काढल्या. शेवटची काढताना जरासा थांबला.

“रिकामं वाटतंय गं गाठोडं.”

“हलकं झालंय. दे इकडे.”

संध्याकाळी कारभाऱ्यांचा निरोप आला. “स्वीकारले.” त्याखाली आणखी एक ओळ होती, त्यांच्या स्वभावाला न शोभणारी. “‘झरा’ राहिला याचा आनंद आहे. आमच्याकडच्या विहिरी त्याच्यावरच मोजतात.” ठकूने कारभाऱ्यांबद्दलचं आपलं मत थोडं बदललं.

मग दादाने तिला घर दाखवायला नेलं. आईची खोली तशीच होती. पलंगाचे कठडे, न्हाणीघरातला दांडा. कुंड्यांतली रोपं वाढली होती, म्हणजे वर्षभर कुणीतरी पाणी घालत होतं. ठकू पलंगाच्या कडेवर बसून खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर एक बाई लेकराला सायकल शिकवत होती.

“चांगली खोली आहे,” ती म्हणाली. “हे मी त्या दिवशी बघितलंसुद्धा नाही.”

“मी जे बोललो ते...”

“थोडं खरं होतं. मला भीती वाटते. रिकाम्या घरात शिरायची.” ती थांबली. “पण दादा, आपण दोघांनी मिळून आईला एकदाही विचारलं नाही. तू न्यायचं ठरवलंस, मी न पाठवायचं. ती आत बसली होती.”

दादाने फोन काढून तिच्यासमोर धरला. “तू लाव.”

“तू लाव. मोठा आहेस.”

शेवटी त्यानेच लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आईचं “हं, बोला” आलं, जणू ती फोनपाशीच बसून होती.

“आई, ठकू इथेच आहे. तिचं काम झालं. आम्ही तुला विचारत होतो,” दादा घसा साफ करून म्हणाला, “तुला कुठे राहायला आवडेल? आमचं काही म्हणणं नाही. तू सांगशील तसं.”

 पलीकडे शेजारच्या काकूंचा काहीतरी विचारण्याचा आवाज, आणि आईचं त्यांना “थांबा हो, मुलं बोलतायत” असं म्हणणं.

“सांगते,” आई म्हणाली. “पण फोनवर नाही. दोघं इकडे या, समोर बसा. वर्षभर विचार करून ठेवलाय, सांगायला थोडा वेळ लागेल.”

ठकूने दादाकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधायला लागला होता.